परतणाऱ्या रक्ताची जोखीम आणि यकृताचे रक्षण

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल व हिशेब मांडून झाल्यानंतर एखाद्या वैद्यकीय विषयावर आपल्याशी बोलण्याचा या सभेचा प्रघात आहे. या वेळचा विषय आम्हांला आपणच दिला आहे. यकृताच्या रुग्णाचे नातेवाईक औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक प्रश्न हमखास घेऊन येतात, "डॉक्टर, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का?" काही उदार देणगीदारांनीही अशी विचारणा केली आहे की, गरीब रुग्णांना ही औषधे विनामूल्य मिळावीत म्हणून स्वतंत्र निधी द्यावा काय. या प्रश्नामागे माया आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देऊन मोकळे होणे आम्हांला योग्य वाटत नाही.

आपण मराठी माणसे 'काळीज' हा शब्द हृदयासाठी वापरतो. परंतु त्याचा जुना अर्थ यकृत असाच आहे. या अवयवाचे वजन सुमारे दीड किलो, म्हणजे शरीराच्या जवळपास पन्नासावा भाग. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा, मिनिटाला अंदाजे दीड लिटर, या एका अवयवातून फिरतो. यकृताला रक्त दोन मार्गांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी व प्लीहेकडून पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या स्वतःच्या धमनीतून. धमनीचे रक्त कमी असले तरी त्यात प्राणवायू अधिक असतो, त्यामुळे यकृताच्या प्राणवायूचा जवळपास निम्मा भार तीच उचलते. पित्तनलिकांना तर मुख्यत्वे या धमनीचाच आधार असतो. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

हा रक्तप्रवाह खंडित होण्याचे प्रसंग प्रामुख्याने तीन. पहिला प्रसंग शस्त्रक्रियेचा. यकृतातील गाठ काढताना किंवा अपघातात फाटलेले यकृत शिवताना रक्तस्राव आवरण्यासाठी शल्यचिकित्सक यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ चिमट्याने बंद करतात. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 साली ही युक्ती वर्णिली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुसरा प्रसंग प्रत्यारोपणाचा. दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत बर्फाच्या तापमानात, रक्तावाचून, काही तास प्रवास करते. तिसरा प्रसंग आमच्यासारख्या रुग्णालयात सर्वांत नित्याचा आहे. महामार्गावरील अपघातात झालेला रक्तस्राव, प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, सर्वांगात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा दुबळे झालेले हृदय यांमुळे रक्तदाब कोसळतो आणि यकृत उपाशी राहते.

या शेवटच्या प्रसंगी रुग्णाच्या तपासणीत एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. यांचे आकडे, जे एरवी चाळिशीच्या आसपास असावयाचे, ते एका दिवसात हजारांच्या घरात जातात. नातेवाईक तो कागद पाहून हादरतात. म्हणून सांगावेसे वाटते की, रक्तदाब सावरला तर हे आकडे साधारणतः पहिल्या एक ते तीन दिवसांत शिखर गाठून उतरू लागतात आणि आठ-दहा दिवसांत बरेचसे पूर्वपदावर येतात. रुग्णाचे भवितव्य त्या आकड्याच्या उंचीपेक्षा रक्तदाब कशामुळे कोसळला आणि तो किती लवकर सावरला, यावर अधिक अवलंबून असते.

आता या विषयाचा गाभा. रक्त थांबल्यामुळे इजा होते हे कोणालाही पटेल. परंतु इजेचा मोठा वाटा रक्त परत आल्यावर घडतो, हे ऐकून नवल वाटते. कडक उन्हाळ्यात कोरडा पडलेला कालवा आठवा. महिनोन्‌महिने पाणी नसल्याने त्याच्या काठाला भेगा पडलेल्या असतात. आवर्तन एकदम पूर्ण दाबाने सोडले, तर ज्या पाण्याची शेतकरी वाट पाहत होता तेच पाणी काठ फोडून निघते. यकृतातही असेच काहीसे होते. प्राणवायूवाचून पेशीतील ऊर्जेचा साठा मोडत जातो आणि त्याचे अवशेष साचत राहतात. पेशीतील जी ऊर्जाकेंद्रे आपण तंतुकणिका म्हणून शाळेत शिकलो, त्यांत सक्सिनेट नावाचा पदार्थ तुंबतो. रक्त परतताच हा तुंबलेला पदार्थ काही मिनिटांत भराभर जळतो आणि त्या धांदलीत प्राणवायूचे अर्धवट, अस्थिर, दिसेल त्याला झोंबणारे रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. सक्सिनेटची ही भूमिका 2014 साली केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून स्पष्ट झाली. त्याआधी, 1981 साली, ग्रेंजर, मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यावरील प्रयोगांतून दाखविले होते की, रक्तखंडानंतरच्या इजेमागे ही मूलके आहेत. झँथिन ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांचा एक उगम असल्याचे त्यांनी सुचविले होते.

ही पहिली ठिणगी. त्यानंतर यकृतातील कुप्फर पेशी, ज्या एरवी आतड्यांतून आलेले जंतू गिळून आपले रक्षण करतात, त्या खवळतात. त्यांच्या हाकेला धावून रक्तातील पांढऱ्या पेशी येतात आणि आणखी मूलके व दाहक द्रव्ये ओततात. बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते. मोठ्या वाहिनीतून रक्त सुरू झालेले दिसते, पण आतल्या गल्लीबोळांत ते पोहोचत नाही. पहिली ठिणगी काही मिनिटांची आणि तिच्यामागून येणारा हा वणवा काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचा असतो. यकृतात चरबी साठलेली असेल तर हा मारा त्याला अधिक सोसावा लागतो.

निसर्गाने यकृताला यासाठी निःशस्त्र ठेवलेले नाही. 1969 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर या मूलकांना निष्प्रभ करते, असा शोध लावला. कॅटालेज हे विकर त्यापुढची पायरी सांभाळते. आणि ग्लुटाथिओन हे तीन अमिनो आम्लांचे छोटेसे संयुग तर यकृत स्वतःच मोठ्या प्रमाणात तयार करते व शरीराच्या इतर भागांनाही पुरविते. म्हणजे अँटिऑक्सिडंट हा पदार्थ बाहेरून आणण्यापूर्वी यकृताच्या कोठारात तो भरलेलाच असतो. प्रश्न असा की, संकटाच्या घटकेला हे कोठार अपुरे पडले, तर आपण त्यात भर घालू शकतो काय?

या प्रश्नावर अनेक दशके प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउदर्ड यांनी 1980 च्या दशकात अवयव जतन करण्याचे जे द्रावण सिद्ध केले, त्यात ग्लुटाथिओन आणि झँथिन ऑक्सिडेजला रोखणारे ॲलोप्युरिनॉल ही दोन्ही द्रव्ये मुद्दाम घातली होती. ॲलोप्युरिनॉल हे गाउट नावाच्या सांधेदुखीवरील औषध आपल्यापैकी काहींच्या घरात असेल. या द्रावणामुळे यकृत जतन करण्याचा काळ पुष्कळ वाढला व दूरच्या गावाहून अवयव आणणे शक्य झाले. परंतु त्यातील धडा बोलका आहे. साठवणीत असताना या द्रावणातील ग्लुटाथिओन स्वतःच ऑक्सिडीकरण होऊन निकामी होऊ लागते, त्यामुळे ते वापराच्या वेळी ताजे घालण्याची शिफारस झाली. बाटलीत असणे आणि कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे उदाहरण ॲसिटिलसिस्टीन या औषधाचे. ते यकृताला ग्लुटाथिओन तयार करण्यास कच्चा माल पुरविते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृतावर होणाऱ्या विषबाधेत ते आठ तासांच्या आत दिले, तर अत्यंत गुणकारी ठरते. एडिंबरो येथील प्रेस्कॉट व सहकाऱ्यांनी 1977 साली याचा वापर प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या औषधाने असंख्य प्राण वाचविले आहेत. रक्तखंडाच्या इजेत मात्र त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. इटलीतील पाडुआ येथे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अवयव काढण्यापूर्वी दात्याला हे औषध दिले असता प्रत्यारोपित यकृते अधिक टिकली. इतर काही चाचण्यांत असा लाभ आढळला नाही. उंदरांवरील प्रयोगांत यशस्वी ठरलेले कितीतरी अँटिऑक्सिडंट माणसांत नेमके इथेच अडखळले आहेत.

असे का होते, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. गृहिणी वांगी चिरल्याबरोबर पाण्यात टाकते, कारण हवेतील प्राणवायूने ती काळी पडतात. काळी पडलेली वांगी नंतर कितीही वेळ पाण्यात ठेवली, तरी पांढरी होत नाहीत. यकृतातील पहिली ठिणगी काही मिनिटांत विझून जाते. दुसऱ्या दिवशी दिलेली गोळी त्या मिनिटांपर्यंत मागे जाऊ शकत नाही. दुसरे असे की, मूलके तंतुकणिकेच्या आत जन्मतात आणि पुष्कळ औषधे तिथवर पोहोचतच नाहीत. शिरेतून दिलेले डिसम्युटेज विकर तर काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होते. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. थोडी मूलके शरीराला हवीच असतात. जंतूंचा नाश करण्यासाठी आणि पेशीला सावध करण्यासाठी. सर्वच मूलके पुसून टाकली तर पहारेकऱ्याची शिट्टीही आपण काढून घेतो.

मग यकृताला वाचविते काय? ज्या उपायांना माणसांत आधार मिळाला, त्यांपैकी बहुतेक उपाय वेळेचे आणि हाताळणीचे आहेत. शस्त्रक्रियेत चिमटा सलग न ठेवता सुमारे पंधरा मिनिटे लावून पाच मिनिटे सैल करण्याची पद्धत रूढ झाली. यकृताला मधून मधून श्वास घेऊ देणे, एवढेच त्याचे मर्म. 1986 साली कुत्र्याच्या हृदयावरील प्रयोगांत मरी, जेनिंग्ज व राइमर यांना असे आढळले की, रक्त प्रथम थोडा वेळ थांबवून सोडले तर पुढच्या मोठ्या खंडाला अवयव अधिक समर्थपणे तोंड देतो. झुरिक येथे क्लाव्हिएन व सहकाऱ्यांनी 2003 साली 100 रुग्णांवरील चाचणीत हीच युक्ती यकृतासाठी वापरली. दहा मिनिटे रक्त बंद, दहा मिनिटे सुरू आणि मग तीस मिनिटांचा खंड, असा तो क्रम होता. यकृताची इजा कमी झाली, मात्र वयस्क रुग्णांत हा लाभ फारसा दिसला नाही. संकटाची छोटी ओळख करून देऊन यकृताच्या स्वतःच्या संरक्षणाला जागे करणे, हा तो विचार होता.

प्रत्यारोपणात तर बर्फाच्या पेटीची जागा आता यंत्र घेऊ लागले आहे. युरोपात झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 220 प्रत्यारोपणांचा अभ्यास होता. त्यात शरीराच्या तापमानाला यंत्राने रक्त खेळवत ठेवलेल्या यकृतांची इजा, रक्तातील विकराच्या मोजमापाने, निम्म्यावर आली. वापरता न आल्याने टाकून द्यावी लागणारी यकृतेही निम्म्याने कमी झाली. एका वर्षानंतर टिकून राहिलेल्या यकृतांच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. 2021 साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या पुढाकाराने झालेल्या 156 रुग्णांच्या चाचणीत, हृदय थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांत रोपणापूर्वी प्राणवायूयुक्त थंड द्रावण खेळविले गेले. मघाशी ज्या पित्तनलिकांचा उल्लेख केला, त्या आकसण्याचे प्रमाण त्यामुळे 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले. रोपणापूर्वीच तुंबलेले सक्सिनेट सावकाश निचरून जाते म्हणून हा लाभ होतो, असे मानले जाते. कालव्याचे आवर्तन हळूहळू सोडण्याचाच हा प्रकार.

आता बाजारातील बाटल्यांविषयी. बीटा-कॅरोटीन हे नामांकित अँटिऑक्सिडंट फिनलंडमधील सुमारे 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत दिले गेले, तेव्हा 1994 साली असे दिसले की, फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. 2007 साली 68 चाचण्यांतील 2,32,606 व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. त्यांतील काटेकोर चाचण्यांत बीटा-कॅरोटीन, अ-जीवनसत्त्व आणि ई-जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्यांनी मृत्यू वाढत असावेत, असा निष्कर्ष निघाला. घरगुती म्हणून निर्धास्तपणे घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीही याला अपवाद नाहीत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतले, हेही आम्ही सांगितले पाहिजे. हळदीच्या संहत गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेतही नोंदली गेली आहेत. भाजीत पडणारी चिमूटभर हळद वेगळी आणि शोषण वाढविण्यासाठी मिरीचा अर्क घालून केलेली गोळी वेगळी. फळे, पालेभाज्या, कडधान्ये अवश्य खावीत. आजारी यकृताला गोळीच्या रूपाने नवे ओझे देण्यापूर्वी मात्र आम्हांला विचारावे, आणि रुग्ण घरी काय काय घेत होता हे आमच्यापासून लपवू नये. त्याबद्दल कोणीही आपणांस दोष देणार नाही.

म्हणून देणगीदारांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. अँटिऑक्सिडंट गोळ्यांसाठी स्वतंत्र निधी उभारू नये. ॲसिटिलसिस्टीनसारखे औषध जिथे खरोखर गुण देते, तिथे ते कोणत्याही रुग्णाला पैशावाचून नाकारले जाऊ नये. एवढी तरतूद नेहमीच्या औषध निधीतून व्हावी. आपली नवी देणगी मात्र मिनिटे वाचविण्यासाठी मिळावी, अशी आमची विनंती आहे. रक्तस्राव होणाऱ्या मातेला वा अपघातग्रस्ताला वेळेवर मिळालेली रक्ताची पिशवी तिच्या यकृतासाठी कोणत्याही गोळीपेक्षा मोठे संरक्षण आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरल्याचे पहिल्या काही मिनिटांत ओळखणारी प्रशिक्षित परिचारिका हेही तसेच संरक्षण आहे. रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि परिचारिकांचे प्रशिक्षण ही तीन नावे आपल्या संकल्पपत्रात असावीत. या गोष्टींवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही मागणे हेच आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांकडे आमचे मागणे वेगळे आहे. आपल्या रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण होत नाही. परंतु मेंदूमृत अवस्थेतील रुग्ण येथेही असतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 सालचा. त्यात 2011 साली झालेल्या दुरुस्तीमुळे प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही रीतसर नोंदणी करून अवयवदानास साहाय्य करता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे अवयवांचे वाटप पाहतात. बर्फात ठेवलेले यकृत साधारणतः बारा तासांच्या आत, आणि जमेल तितके त्याहून लवकर, रोपावे लागते. रुग्णवाहिकेसाठी पोलीस रस्ता मोकळा करतात तो या तासांसाठी. परंतु सर्वांत अधिक वेळ रस्त्यावर जात नाही, तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, "त्यांची इच्छा काय असती?" या प्रश्नापाशी जातो. त्या घटकेला आम्ही कोणावरही दडपण आणणार नाही. पण हा विषय घरात, सर्वजण धडधाकट असताना, एकदा बोलून ठेवला तर त्या बाकावर बसलेल्यांचा भार हलका होतो आणि कोठेतरी वाट पाहणाऱ्या रुग्णाला एक चांगले यकृत मिळते.

विज्ञानाचे काम संपलेले नाही. तंतुकणिकेच्या आत जाऊन काम करणारी औषधे, यंत्रावरच यकृताला देता येतील असे उपचार यांवर संशोधन चालू आहे. त्यांतील एखादे माणसांत सिद्ध झाले, तर ते आपल्या रुग्णांना मिळावे म्हणून याच व्यासपीठावरून आम्ही आपल्याकडे मदत मागू. तोवर आपल्या श्रद्धेचा एक रुपयाही जिथे गुण नाही तिथे खर्च होऊ नये, ही आमची जबाबदारी आम्ही मानतो.